सप्ताहाचा ध्वनिक्षेपक व गांवची वीज

मार्गासनीसारख्या गांवीं हरिनाम सप्ताहास ध्वनिक्षेपक लागतोच. परंतु गुंजवणीकांठचे पंप चालू होतांच विजेचा दाब उतरतो, व ते बंद होतांच चढतो. हा चढउतार स्टॅबिलायझर सांभाळतो. मात्र तीन फेजच्या जोडणींत न्यूट्रल तार सुटल्यास 230 व्होल्टच्या यंत्रावर 415 च्या जवळपास दाब येऊं शकतो. तेथें साधा स्टॅबिलायझर पुरा पडत नाहीं. यास्तव मंडपाची जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करवावी, न्यूट्रल व अर्थिंग तपासून घ्यावें, आणि दाब वाढतांच वीज तोडणारें साधन बसवावें. वीज गेल्यास ॲम्प्लिफायर लगेच बंद करावा. ती परतल्यावर दाब स्थिर झाल्यावांचून चालू करूं नये. यंत्र वर्गणीचें असतें. तें जपणें हेंही सप्ताहाचेंच काम होय, असें आम्हांस वाटतें.