हंगाम नसतो तेव्हा



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. कामगार चळवळीतल्या माणसाने महागाई भत्त्यावर बोलावे, बोनसवर बोलावे. खेळाडू आणि त्यांचे चाहते यांच्याशी त्याला काय करायचे आहे? तर संबंध सांगतो. आपल्या भाईंदरात स्टीलची भांडी करणारे कारखाने आहेत. तिथे पॉलिशचे काम करणारा एक तरुण पावसाळ्यातल्या एका रविवारी आमच्या सभेला आला नाही. दुसऱ्या दिवशी मी जाब विचारला. तो म्हणाला, "काका, आझाद मैदानावर गेलो होतो. आपला माणूस क्लबकडून खेळणार होता." मी म्हटले, "अरे, क्रिकेटचा हंगाम तर केव्हाच संपला!" त्यावर तो म्हणाला, "म्हणूनच गेलो. हंगामात तो सगळ्या जगाचा असतो. चिखलात, चार माणसांपुढे तो कसा खेळतो, ते बघायचे होते."

मी रागावणार होतो, पण गप्प राहिलो. या पोराने नकळत एक मोठा प्रश्न माझ्यापुढे टाकला होता. हंगाम नसतो तेव्हा खेळाडू काय करतो? आणि ते जाणून घेण्याची ओढ चाहत्यांना का लागते? ही ओढ चांगली की वाईट? या तीन प्रश्नांची उत्तरे आज मला जमतील तशी द्यायची आहेत.

हंगाम म्हणजे काय, हे भाईंदरच्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. खाडीकाठच्या मिठागरांनी या गावाला पिढ्यान्‌पिढ्या अन्न दिले. मिठाच्या पांढऱ्या राशी उन्हाळ्यात दिसतात. पावसाळ्यात मिठागर बंद. पण पाऊस सरला की साचलेले पाणी काढायचे, फुटलेले बांध पुन्हा घालायचे, वाफ्यांची जमीन पायांनी तुडवून टणक करायची, मग भरतीचे पाणी टप्प्याटप्प्याने आत घेऊन आटवायचे, ही सगळी मेहनत रास दिसण्याच्या कितीतरी आधीची. बांधाचे काम कच्चे राहिले तर उन्हाळा कितीही कडक पडो, हाती मीठ येत नाही. खेळाचेही असेच आहे. सामना ही झाली रास. बांधबंदिस्ती झालेली असते ती हंगामाबाहेर.

मुंबईच्या क्रिकेटने तर या बिगरहंगामाची स्वतंत्र शाळाच काढली. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने १९४८ साली सुरू झालेली कांगा लीग ही मुळात पावसाळ्याची स्पर्धा. इतरत्र क्रिकेटपटू सामान बांधून ठेवतात, त्या दिवसांत मुंबईचे क्लब मैदानात उतरत. खेळपट्टी उघडी, रात्रभर भिजलेली. चेंडू कधी थबकून येई, कधी अंगावर उसळे. मैदानात गवत इतके वाढलेले की सुरेख फटका मारला तरी चेंडू मधेच अडकून बसे; धावा हव्या असतील तर चेंडू हवेतून मारण्याची जोखीम घ्यावी लागे. म्हणूनच कांगा लीगमधल्या पन्नास धावांना मुंबईचा जाणकार इतर ठिकाणच्या शतकाचा मान देत आला. सुनील गावसकर जगन्मान्य फलंदाज झाल्यावरही दादर युनियनकडून या चिखलात खेळत. पुढे दिलीप वेंगसरकरही त्याच क्लबचे.

आता प्रेक्षकाच्या बाजूने पाहा. कसोटी सामन्याला तिकीट लागते, आणि ते परवडले तरी खेळाडू दिसतो तो दुरून, मुठीएवढा. आझाद मैदानावर तिकीट नाही, कुंपण नाही. एकाच वेळी इतके सामने चाललेले असतात की एका सामन्यातला क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्यातल्या क्षेत्ररक्षकाच्या पाठीला पाठ लावून उभा असतो. छत्री उघडून दोरीबाहेर उभे राहिले की नामांकित खेळाडू दहा पावलांवर. त्याचे चिखलाने माखलेले बूट दिसतात, चेंडू हुकल्यावर तो स्वतःशी काय पुटपुटतो तेही ऐकू येते. खेळाडू हा दैवी चमत्कार नसून कसबी कामगार आहे, हे तिथे डोळ्यांना दिसते. कारागिराने कारागीर ओळखला, की त्या पॉलिशवाल्या पोरासारखी त्याला ओढ लागते. ही ओढ मी चांगली मानतो.

पण कामगार म्हटले की पुढचा प्रश्न पोटाचा. हंगाम नसताना चूल कशावर पेटायची? फार वर्षे कसोटी खेळून घर चालत नसे, म्हणून मुंबईचा क्रिकेटपटू कुठल्या ना कुठल्या कचेरीत नोकरीला असे. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, गावसकर निर्लॉनमध्ये, एकनाथ सोलकर मफतलालमध्ये. सोलकरांचे वडील हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करीत. मैदानातली झोपडी ते कसोटी संघ हा त्यांचा प्रवास मुंबईला ठाऊक आहे. या कचेऱ्यांचे संघ टाइम्स शील्डसाठी एकमेकांशी झुंजत, आणि कारकून-शिपाई आपापल्या कचेरीच्या खेळाडूला पाहायला जेवणाच्या सुटीत मैदान गाठत. आपल्याच हजेरीपटावर ज्याचे नाव आहे, तो देशासाठी खेळतो, याचा अभिमान काही वेगळाच असतो.

पोटाच्या प्रश्नाने एकदा मोठा पेचही निर्माण केला. ती हकिगत १९५२ सालची. आपला पावसाळा म्हणजे इंग्लंडातला क्रिकेटचा हंगाम. तिथल्या लँकेशायरच्या गिरणीगावांत शनिवारी दुपारी क्लबांचे सामने होत आणि प्रत्येक क्लब एक पगारी खेळाडू ठेवी. १८५० च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांत स्त्रिया आणि तरुण मुले यांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबवले होते. पुढे रुळलेल्या त्या अर्ध्या सुटीनेच या खेळाला प्रेक्षक दिले. पगारी खेळाडूने पन्नास धावा केल्या की प्रेक्षकांत टोपी फिरे आणि विणकर-कातकरी आपल्या मजुरीतली नाणी तीत टाकीत. आपले विनू मंकड त्या वर्षी हॅसलिंग्डन या अशाच एका गावाशी करारबद्ध झाले. इंग्लंडच्या दौऱ्यावर निवड होईलच अशी हमी त्यांनी मागितली होती. ती मिळाली नाही. घरच्या माणसांचे पोट हमीवर भरते, आशेवर नाही. त्यांनी केले ते कोणत्याही शहाण्या कामगाराने केले असते. पुढे लीड्सच्या पहिल्या कसोटीत भारताचे चार गडी शून्यावर बाद झाले आणि सर्वांना मंकड आठवले. क्लबने त्यांना मोकळे केले. लॉर्ड्सवर त्यांनी ७२ धावा काढल्या, ७३ षटके टाकून पाच बळी घेतले आणि दुसऱ्या डावात १८४ धावा केल्या. सामना भारत हरला, तरी तो आजही मंकडांच्या नावाने ओळखला जातो. हंगामाबाहेरची रोजी आणि देशाचे काम यांत विरोध असतोच असे नाही; तो विरोध पुष्कळदा व्यवस्थेने उभा केलेला असतो.

हे सारे केवळ क्रिकेटपुरते नाही. आपल्या ओळखीच्या जगापासून अगदी दूरचे एक उदाहरण घेऊ. जपानमध्ये फिगर स्केटिंग हा खेळ फार लोकप्रिय आहे. पायांत पोलादी पात्यांचे बूट घालून, संगीताच्या तालावर, बर्फाच्या फरशीवर घसरत उड्या आणि गिरक्या घ्यायच्या, असा हा खेळ. मोठ्या स्पर्धा साधारण ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत चालतात. उरलेल्या महिन्यांत खेळाडू नवी रचना बसवतात, नव्या उड्या घोटतात आणि बर्फावरचे जाहीर प्रयोग करतात. त्या प्रयोगांना चाहते गावोगाव जातात. कारण तिथे गुणांचा धाक नसतो, खेळाडू मोकळा असतो.

सेंदाई शहरचा युझुरू हान्यू हा या खेळातला सर्वांत गाजलेला पुरुष. ११ मार्च २०११ रोजी जपानात महाभूकंप झाला तेव्हा तो सोळा वर्षांचा मुलगा सरावाच्या बर्फावरच होता. पायांतले बूट न काढता तो बाहेर पळाला. सरावाची जागा बंद पडली. कामगाराचे यंत्रच बंद पडावे तशी ही अवस्था. तेव्हा त्याने काय केले? त्या वर्षी तो सुमारे साठ जाहीर प्रयोगांत उतरला. प्रयोगाच्या निमित्ताने जिथे बर्फ मिळे तिथेच त्याने सराव करून घेतला. पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत त्याला कांस्यपदक मिळाले. २०१४ आणि २०१८ साली ऑलिंपिकचे सुवर्ण. त्या साठ प्रयोगांना बसलेल्या माणसांनी तिकीट काढले होते करमणुकीचे. प्रत्यक्षात त्यांनी एका मुलाची शाळा चालू ठेवली. चाहत्याच्या ओढीचे मोल यापेक्षा अधिक काय सांगू?

आता नाण्याची दुसरी बाजू. हान्यू २०२२ साली स्पर्धांतून निवृत्त झाला आणि केवळ प्रयोग करू लागला. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याने आपले लग्न झाल्याचे जाहीर केले. नोव्हेंबरमध्ये घटस्फोट जाहीर करावा लागला. घराभोवती अनोळखी माणसे आणि गाड्या घिरट्या घालतात, पाळत ठेवली जाते, निंदा होते, हे त्याने कारण म्हणून स्वतः सांगितले. मित्रहो, मी हे वाचले तेव्हा मला लाज वाटली. कारण त्या घिरट्या घालणाऱ्यांतले काही स्वतःला चाहतेच म्हणवत असणार. ज्या ओढीने एका मुलाची शाळा चालवली, तिनेच मर्यादा सोडल्यावर त्याच्या घराचा उंबरठा ओलांडला.

मर्यादा पाळणे अवघड नाही. उदाहरण आपल्याच रेल्वेमार्गावर आहे. पालघरचा शार्दूल ठाकूर लहानपणापासून सामानाची पिशवी घेऊन याच मार्गाने मुंबईच्या मैदानांवर येत असे; त्याची गाडी आपल्या भाईंदर आणि मीरा रोड स्थानकांवरून जाई. २०१८ साली दक्षिण आफ्रिकेत भारताकडून खेळून तो परतला आणि विमानतळावरून निघून अंधेरीला लोकल पकडून घरी गेला. डब्यातले लोक त्याच्याकडे टकामका पाहू लागले. काही कॉलेजच्या मुलांनी मोबाइलवर त्याचे छायाचित्र शोधून खात्री करून घेतली आणि मग त्याच्यासोबत छायाचित्र मागितले. तोही रुसला नाही. विचारले, मिळाले, आणि गाडी पुढे गेली. माझ्या मते चाहत्याची रीत अशीच असावी. समोर भेटला तर विचारावे. त्याचा पाठलाग करू नये.

याचे मूळ तत्त्व कामगार चळवळीने फार पूर्वी मांडले आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली, अर्ज केले, सभा घेतल्या, आणि १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. त्या सुटीचा अर्थ एवढाच नव्हता की यंत्र बंद राहावे. त्या दिवशी कामगार कोणाच्याही नजरेखाली नसावा, मुकादमाच्याही नाही, हा तिचा खरा अर्थ. माणसाच्या श्रमावर मालकाचा हक्क आहे, तोही ठरल्या तासांपुरता. त्याच्या विश्रांतीवर कोणाचाच नाही. मग खेळाडूच्या विश्रांतीवर आपला, प्रेक्षकांचा, हक्क कुठून आला?

आणि आज तर ही विश्रांतीच आक्रसत चालली आहे. २००८ साली आयपीएल आली आणि उन्हाळाही हंगामात गेला. पैसा वाढला हे मी नाकारीत नाही. मंकडांच्या पिढीच्या वाट्याला आलेली अनिश्चिती थोरल्या खेळाडूंच्या वाट्याला आज नाही. पण दुप्पट मजुरी देऊन साप्ताहिक सुटी विकत घेणारा मालक आम्ही पाहिला आहे. त्याचा हिशेब शेवटी कामगाराच्या पाठीच्या मणक्यावर निघतो. २०१९ साली भारतीय क्रिकेटपटूंची संघटना स्थापन झाली, तीसुद्धा निवृत्त खेळाडूंची. प्रत्यक्ष खेळत असलेल्यांना विश्रांतीसाठी एकत्र बोलता येईल असे संघटित व्यासपीठ आपल्या देशात अजून नाही. चाहत्याने माग काढायचाच असेल, तर याही गोष्टीचा काढावा.

त्या पॉलिशवाल्या पोराला मी पुढे एवढेच सांगितले, की पुढच्या रविवारी सभा सकाळी घेऊ, म्हणजे तुला दुपारी मैदानावर जाता येईल. तो हसून म्हणाला, "काका, तुम्हीपण चला." मी गेलो. पाऊस लागला आणि खेळ थांबला. सगळे खेळाडू तंबूत जाऊन चहा पीत बसले. काही मुले तंबूच्या कनातीखालून डोकावू लागली, तेव्हा आमचा हा पोरगा त्यांना म्हणाला, "चला रे इकडे. त्यांची सुटी झाली आहे."

मित्रहो, मला जे तासभर बोलून सांगायचे होते, ते त्याने एका वाक्यात सांगितले होते.