पोर्शे ९४४ : स्टार्टर फिरतो, इंजिन चालू होत नाही

१९८२मध्ये आलेल्या या चार सिलिंडरच्या पोर्शेत असे झाले, तर आधी डीएमई रिले बदलून पाहा. फ्यूल पंप आणि इंजिनाचा संगणक, दोन्हींना वीज त्यातूनच मिळते. जुन्या रिलेतले डाख तडकतात. जाणते मालक एक जादा रिले गाडीतच ठेवतात. स्टार्टर मारताना आरपीएमचा काटा जराही हलला नाही, तर संशय फ्लायव्हीलजवळच्या सेन्सरवर.

खरी धास्ती मात्र टायमिंग बेल्टची. तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. बॅलन्स शाफ्टचा बेल्ट वेगळा; तोही सोबतच बदलावा. जुनी ९४४ घेताना बेल्टची पावती मिळाली नाही, तर ते बदललेच नाहीत असे धरून चाला.