कडेवरचं नाव, पट्टीवरची लढाई

वारज्याच्या माळवाडीतून शिवणे, उत्तमनगर, कोंढवे-धावडे असा रस्ता धरला की राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं प्रवेशद्वार लागतं. प्रबोधिनीच्या मुख्य इमारतीचं नाव सुदान ब्लॉक. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या रक्षणासाठी लढलेल्या हिंदी सैनिकांच्या स्मरणार्थ तिथल्या सरकारने १ लाख पौंडांची देणगी दिली होती. फाळणीनंतर त्यातले ७० हजार भारताच्या वाट्याला आले आणि त्यांतून ही वास्तू उभी राहिली. पूर्व आफ्रिकेच्या त्या मोहिमेत, मार्च १९४१ मध्ये केरेनच्या डोंगरांवर, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी लढल्या. त्यांतल्या जवानांना ‘आफ्रिका स्टार’ मिळाला. पिवळट धातूची सहा टोकांची ती चांदणी वाळूच्या रंगाच्या फितीला लटकवलेली असते.

मुळशी, वेल्हे, सातारा, कोकण अशा भागांतून वारज्यात येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांच्या जुन्या ट्रंकांत अशी पदकं निघू शकतात. मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातही जुनी नाणी चाळणारे संग्राहक पदकांवर नजर ठेवून असतात. जुनी पदकं जमवण्याचा हा नाद पुण्याला नवा नाही. मात्र त्याच्याभोवती बरेच गैरसमज आहेत आणि काहींची किंमत फार मोठी पडते.

पहिला गैरसमज जवळपास घरोघरी आढळतो: पणजोबांना मेडल मिळालं, म्हणजे शौर्यासाठीच मिळालं. घरांत सापडणारी बहुतेक पदकं मोहिमेची असतात. एखाद्या युद्धक्षेत्रात ठरावीक काळ नेमणूक असली की शिपाई, सुभेदार, स्वयंपाकी, खेचरवाला अशा सगळ्यांना ती मिळत. शौर्यपदकं वेगळी आणि मोजकी. त्यांतही भेद होता. व्हिक्टोरिया क्रॉस १८५६ मध्ये सुरू झाला, पण हिंदी सैनिक त्याला पात्र ठरले १९११ मध्ये, म्हणजे तब्बल ५५ वर्षांनी. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव भागातले नाईक यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मधल्या इटलीतल्या लढाईसाठी तो मरणोत्तर मिळाला. मोहिमेचं पदक शौर्याचं नाही, म्हणून त्याचं मोल कमी होत नाही. अमुक माणूस अमुक ठिकाणी होता याचा तो पुरावा असतो, आणि अनेक घरांत दुसरा पुरावा उरलेलाच नसतो.

‘चांदीचं आहे, मोडीत घाला’ हा सल्ला सगळ्यांत घातक. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल ३६ मिलिमीटर व्यासाचं आणि चांदीचं असल्याने चांदीचा भाव चढला की जगभर ही पदकं भट्टीत गेली. १९८०च्या सुमाराला भाव भडकला तेव्हा तर फारच. पण हे पदक आडवं धरून कड उजेडात फिरवून पाहिली, की ठोकलेली बारीक अक्षरं दिसतात: शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण. सोबतच्या १९१४-१५च्या कांस्य चांदणीवर हाच मजकूर मागच्या सपाट बाजूला असतो. पदक आटवलं की चार पैसे हाती येतात आणि नाव कायमचं पुसलं जातं.

त्याच वॉर मेडलचा कांस्य प्रकारही आहे. तो हाती लागला की लोक नकली समजून टाकून देतात. खरं तर तो लढाऊ शिपायाचा नसून मजूर-तुकड्यांतल्या आणि फौजेच्या चाकरीतल्या माणसांचा. युद्ध तेच आणि छापाही तोच, पण ओझं वाहणाऱ्याला चांदी नाही. साम्राज्याची उतरंड धातूत कशी ओतली होती ते पाहायचं असेल तर ही दोन पदकं शेजारी ठेवावीत. प्रस्तुत लेखकाच्या मते संग्रहात कांस्याचं पदक चांदीच्या आधी मांडायला हवं.

आता ‘पदक म्हणजे अभिमानाची वस्तू, त्यात वाईट काय?’ हा समज. पदकाच्या फितीवर बसवलेल्या पट्ट्यांवर लढाईचं किंवा प्रदेशाचं नाव असतं. १८५७-५८च्या इंग्रजी पदकाच्या पाच पट्ट्यांपैकी एक आहे ‘सेंट्रल इंडिया’. सर ह्यू रोजच्या ज्या फौजेला ती मिळाली, तिने झाशी, काल्पी आणि ग्वाल्हेर घेतलं. त्या फौजेत मुंबई इलाख्यातल्या देशी पलटणीही होत्या. एप्रिल १८५८ मध्ये झाशी पडल्यावर शहरात झालेली कत्तल आणि लूट पेणजवळच्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी तिथे राहून पाहिली आणि पुढे ‘माझा प्रवास’मध्ये लिहून ठेवली. चांदीच्या पट्टीवर फक्त प्रदेशाचं नाव कोरलेलं आहे. तिथे काय घडलं ते गोडसे भटजींच्या पुस्तकात सापडतं. दोन्ही जवळ असल्याशिवाय त्या पदकाचा संग्रह पुरा होत नाही.

गोडसे यांचं पुस्तक १९०७ मध्ये छापून निघालं. त्याच वर्षी जर्मन कैसरने नैर्ऋत्य आफ्रिकेच्या, म्हणजे आजच्या नामिबियाच्या, मोहिमेसाठी पदक सुरू केलं. जर्मन पदक म्हटलं की आपल्याकडे स्वस्तिक आणि हिटलर आठवतो, पण हे पदक त्याच्या कितीतरी आधीचं आहे. हेरेरो लोकांनी १९०४ मध्ये उठाव केला. ऑगस्टमध्ये वॉटरबर्गची लढाई झाली, हेरेरोंना बायकामुलांसह ओमाहेकेच्या निर्जळ प्रदेशात हाकलण्यात आलं आणि २ ऑक्टोबरला जनरल फॉन ट्रोथाने त्यांच्या संहाराचा हुकूम काढला. पदकाच्या पट्ट्यांवर ‘वॉटरबर्ग’ आहे आणि ‘ओमाहेके’सुद्धा. माणसं तहानेने मारली गेली त्या जागेचं नाव पराक्रम म्हणून छातीवर मिरवलं गेलं. हा नरसंहार होता हे जर्मन सरकारने अधिकृतपणे मान्य केलं ते मे २०२१ मध्ये.

त्या जर्मन वसाहतींशी आपला संबंध नव्हता, हेही खरं नाही. ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून निघालेली हिंदी फौज नोव्हेंबरच्या सुरुवातीला जर्मन पूर्व आफ्रिकेतल्या टांगा बंदरावर उतरली आणि तिचा दारुण पराभव झाला. मुंबई फौजेची जुनी १०१ ग्रेनेडियर्स पलटण तिथे होती. समोर जर्मन अधिकाऱ्यांच्या हाताखाली बहुसंख्य अस्करी, म्हणजे आफ्रिकी शिपाई, लढत होते. दोन परक्या सत्तांसाठी दोन गुलाम मुलखांतली माणसं एकमेकांवर बंदुका रोखून उभी होती आणि दोन्हीकडच्यांना नंतर पदकं मिळाली.

यावरून काही जण उलट टोकाला जातात: इंग्रजांचं पदक घेणारा तो गद्दार. हाही गैरसमजच. १८०३-१८२६ या काळातल्या लढायांसाठीचं ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक १८५१ मध्ये, तेही हयात असलेल्यांनाच, देण्यात आलं. त्याच्या पट्ट्यांवर खडकी, पुणे, महिदपूर आहे आणि कोरेगावही आहे. पेशवाईच्या अस्ताचं दुःख वाटणाऱ्याला ती पट्टी पराभवाची खूण वाटेल. पण इंग्रजांकडून तिथे लढलेल्या ज्या महार शिपायांना गावात माणूस म्हणून जागा नव्हती, त्यांच्या वारसांना कोरेगाव हे नाव स्वाभिमानाचं आहे. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथल्या जयस्तंभापाशी गेले ते त्यामुळेच. पोटासाठी, जमिनीसाठी, इभ्रतीसाठी पलटणीत गेलेल्या माणसाला आजच्या एका शब्दात बसवणं अन्यायाचं आहे.

कायद्याबद्दलही घोळ आहे. घरातलं पदक जवळ ठेवायला बंदी नाही. पण १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाची शंभर वर्षांवरची वस्तू पुरावशेष ठरू शकते. अशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही आणि तिच्या विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो. परदेशी ग्राहकाला कुरिअरने पदक धाडण्याचा बेत करणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

नकलांची भीती मात्र रास्त आहे. साच्यातून ओतलेल्या नकलेवर छाप बोथट आणि पृष्ठभाग खरबरीत असतो. जुनं नाव घासून नवं ठोकलेलं असेल तर कड त्या जागी किंचित खोलगट लागते. बोट फिरवूनही ते कळतं.

तेव्हा ट्रंकेत असं काही निघालं तर ब्रासोने घासू नका, फीत फेकू नका आणि जोडीची पदकं वेगळी करू नका. कडेवरची अक्षरं जशीच्या तशी वहीत उतरवा, फोटो काढा, गावाकडच्या थोरल्यांना त्या माणसाबद्दल विचारा. पट्टी असेल तर ती कुठल्या लढाईची आणि त्या लढाईत समोर कोण होतं, हेही त्याच वहीत लिहून ठेवा. विकायचं की जपायचं ते त्यानंतर ठरवा.