राजीनामा लिहिण्यापूर्वी, सिस्टर...

गेल्या महिन्यात आमच्याकडे एक भगिनी आल्या. मूळच्या नांदेड जिल्ह्यातल्या. वडील वीटभट्टीवर, आई दुसऱ्याच्या शेतात. घरातली पहिली शिकलेली मुलगी. जी.एन.एम. केले आणि पुण्यातल्या एका खाजगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात अकरा वर्षे काढली. हातात राजीनाम्याचा कागद होता. "दादा, एवढे इंग्रजी तपासून द्या," म्हणाल्या. पुढे काय करणार, असे विचारले तर म्हणाल्या, "शिलाई मशीन घेईन. काहीही करीन. पण आता पेशंटच्या अंगाला हात लावायला नको वाटते." आणि आपण असे बोललो याचीच त्यांना इतकी लाज वाटली की त्या रडू लागल्या.

आम्ही तो कागद तपासला नाही. ठेवून घेतला.

या भगिनी आळशी नाहीत, की त्यांचे मन दगडाचे झालेले नाही. कामाच्या जागचा ताण वर्षानुवर्षे निस्तरला गेला नाही की माणूस आतून रिकामा होतो, कामाबद्दल कडवट होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली याची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामातून उद्भवणारी अवस्था म्हणून केली. म्हणजे दोष कामाच्या रचनेत शोधायचा. आम्ही ताईंच्या आठवड्याचा हिशेब मांडला. सहा रात्री, प्रत्येक रात्र बारा तासांची. बेरीज बहात्तर! बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि कामगाराचा आठवडा ४८ तासांवर आला. गिरणी कामगाराला ऐंशी वर्षांपूर्वी मिळालेला हक्क व्हेंटिलेटर सांभाळणाऱ्या आमच्या लेकीला आजही मिळत नाही.

लढे झाले नाहीत असे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना किमान २०,००० रुपये द्यावेत आणि दोनशेपेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार द्यावा, अशी शिफारस केली. शिफारस कागदावर राहिली. मे २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका बाह्यस्रोत भरतीच्या विरोधात संपावर गेल्या. हे लढे चाललेच पाहिजेत. पण रात्री अडीच वाजता सुईने नस शोधताना जिचा हात थरथरतो, तिला संपाचा निकाल लागेपर्यंत थांबा असे कोण सांगणार?

तिला आमचे सांगणे एवढेच की, वॉर्ड सोडा. नर्सिंग सोडू नका. या दोन गोष्टी एक नाहीत.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा फोटो प्रत्येक नर्सिंग शाळेत असतो, हातात दिवा घेतलेला. पण हा दिवा त्या बाईच्या हातात दोन वर्षेही नव्हता. १८५४ च्या अखेरीस त्या क्रिमियाच्या युद्धात गेल्या, १८५६ मध्ये परतल्या आणि नंतर दीर्घ आजारपणाने त्यांना बरीच वर्षे खोलीतच काढावी लागली. पुढची सगळी कामगिरी टेबलावर बसून केलेली! मृत्यूंचे आकडे मांडले, आलेख काढले, रुग्णालये कशी बांधावीत ते लिहिले, हिंदुस्थानातल्या छावण्यांच्या सांडपाण्यावर अहवाल केले. हिंदुस्थानात त्या कधी आल्याही नाहीत. त्यांना कोणी 'हिने सेवा सोडली' म्हणत नाही. मग नांदेडच्या पोरीला का म्हणावे?

अकरा वर्षे अतिदक्षता विभागात काढलेल्या सिस्टरला केस पेपर पाहताच कळते की कोणते इंजेक्शन खरोखर दिले आणि कोणते फक्त बिलात आहे. या ज्ञानाला बाजारात किंमत आहे. आरोग्य विमा कंपन्या आणि त्यांचे दावे हाताळणाऱ्या संस्था यांना कागद वाचणारी माणसे लागतात. महात्मा जोतीराव फुल्यांच्या नावाने चालणाऱ्या जनआरोग्य योजनेतही रुग्णालयाकडून आलेला कागद कोणीतरी तपासतोच. रुग्णालयातल्या रुग्णालयातही वाटा आहेत. एन.ए.बी.एच. ही रुग्णालयांना गुणवत्तेचे प्रमाणपत्र देणारी यंत्रणा २००५ मध्ये सुरू झाली. हे प्रमाणपत्र घेणाऱ्या रुग्णालयांना संसर्ग नियंत्रण पाहणारी परिचारिका लागते. हे काम बहुतेक ठिकाणी दिवसाचे असते. ताईंच्या रुग्णालयात ही जागा होती. अकरा वर्षांत त्यांना ते कोणी सांगितले नव्हते!

शिकवण्याची वाट सर्वांना ठाऊक आहे, पण तिचा हिशेब नीट मांडला जात नाही. जी.एन.एम. झालेल्यांना पोस्ट बेसिक बी.एस्सी. दोन वर्षांत करता येते आणि नर्सिंग महाविद्यालयात ट्यूटर होता येते. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण आहे, त्यामुळे जागा निघतात. पगार सुरुवातीला वॉर्डपेक्षा कमी असू शकतो, हे लपवण्यात अर्थ नाही. मोठ्या कारखान्यांत आणखी एक दार आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशेपेक्षा जास्त कामगार असतील तेथे अ‍ॅम्ब्युलन्स रूम आणि तिच्यासाठी परिचारिका सक्तीची केली होती. नव्या कामगार संहितेतही अ‍ॅम्ब्युलन्स रूमसाठी पाचशेचा आकडा कायम आहे. चाकण, रांजणगाव, वाळूज येथे राहणाऱ्या भगिनींनी याची चौकशी करावी. तिथे जखमा बांधाव्या लागतात, पण मरणाच्या दारात रोज उभे राहावे लागत नाही.

मेडिकल कोडिंगबद्दल फार बोलले जाते. अमेरिकेतल्या रुग्णालयांची बिले येथे बसून सांकेतिक अंकांत बसवायची, असे ते काम. परिचारिकेला ते लवकर जमते. मात्र 'शंभर टक्के नोकरी' अशी पाटी लावून भरमसाट फी घेणाऱ्या क्लासवाल्यांपासून सावध राहा. आधी त्यांच्याकडून शिकून नोकरीला लागलेल्या दोघींना भेटा, मग पैसे भरा.

एका क्षेत्राबद्दल मात्र आम्हाला सविस्तर लिहायचे आहे, कारण तेथे प्रश्न फक्त पोटाचा नाही. औषधांच्या चाचण्या. २००९-१० मध्ये आंध्रातल्या (आजच्या तेलंगणातल्या) खम्मम आणि गुजरातेतल्या बडोदा जिल्ह्यात मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस देऊन अभ्यास करण्यात आला. खम्मममध्ये वसतिगृहातल्या कितीतरी आदिवासी मुलींच्या संमतीपत्रावर आईबापाऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनची किंवा मुख्याध्यापकाची सही होती. गवगवा झाल्यावर २०१० मध्ये तो अभ्यास थांबवला गेला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. लस वाईट होती असे आम्ही म्हणत नाही. संमती कोणाची घेतली, हा प्रश्न आहे. २०१९ च्या नियमांनुसार नव्या औषधी रसायनांच्या चाचणीत दुर्बल घटकातल्या व्यक्तीची संमती घेताना चित्रीकरण सक्तीचे आहे. पण कॅमेऱ्यासमोर बसलेल्या मजूर बाईला तिच्या बोलीत 'ताई, नको असेल तर नाही म्हणा, उपचार बंद होणार नाहीत' असे सांगणार कोण? चाचणीच्या ठिकाणी समन्वयक लागतो, तो रुग्णाच्या भेटी, नोंदी, संमतीपत्रे सांभाळतो. परिचारिका या कामावर घेतल्या जातात. त्या खुर्चीवर वीटभट्टीवरच्या मजुराची लेक बसलेली असेल, तर त्या कागदाचा अर्थ बदलतो.

हे सर्व मार्ग काही गुप्त नाहीत. मग ते आपल्या वस्तीपर्यंत का पोहोचत नाहीत? ज्यांचा मामा विमा कंपनीत, चुलती महाविद्यालयात, मेहुणा औषध कंपनीत, त्यांच्या मुलींना हे जेवताना कळते. आमच्या पहिल्या पिढीच्या परिचारिकेला मामा नसतो, म्हणजे असतो, पण तो तिच्याच पगारावर घराचा हप्ता भरत असतो! घाण काढायची, विष्ठा-रक्त धुवायचे ते काम आपले, आणि टेबलावरचे काम दुसऱ्याचे, ही वाटणी रुग्णालयात कोणी लिहून ठेवलेली नाही. ती माहितीच्या वाटणीतून आपोआप होते.

म्हणून राजीनामा देण्यापूर्वी काही गोष्टी पाहाव्यात. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून जिवंत ठेवा; वॉर्ड सोडला तरी. अनुभवाच्या दाखल्यात विभागाचे नाव आणि तारखा मागून घ्या. पाच वर्षे झाली असतील तर ग्रॅच्युइटी तुमचा हक्क आहे. भविष्य निर्वाह निधी काढून खर्चू नका, पुढच्या नोकरीत वळवा. मूळ प्रमाणपत्रे रुग्णालयाने ठेवून घेतली असतील तर लेखी मागा आणि पोच घ्या. जी.एन.एम. ही पदविका आहे, पदवी नाही. स्पर्धा परीक्षेचा विचार असेल तर मुक्त विद्यापीठाची पदवी नोकरी करताकरता पदरात पाडा. लोकसेवा आयोगाची मागासवर्गीयांसाठीची वयोमर्यादा ४३ आहे, म्हणजे पस्तिशीच्या सिस्टरचे दार बंद झालेले नाही. आणि झोप लागत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. नोकरीचा निर्णय महिनाभर थांबू शकतो.

बार्टी स्पर्धा परीक्षांचे वर्ग चालवते, ते चांगलेच आहे. दहा वर्षे नोकरी केलेल्या परिचारिकांसाठी संगणक, इंग्रजी आणि रुग्णालय व्यवस्थापनाचा सहा महिन्यांचा वर्ग तिने का काढू नये? मागणी आम्ही येथे नोंदवतो. कर्मचारी संघटनांनीही पगाराच्या मागणीपत्रात अंतर्गत बदलीचा मुद्दा घालावा: ठरावीक वर्षे अतिदक्षतेत काढलेल्या परिचारिकेला हलक्या कामावर जाण्याचा पर्याय मिळाला पाहिजे.

ताईंचा कागद अजून आमच्या टेबलावर आहे. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. मेट्रनबाईंकडे संसर्ग नियंत्रणाच्या जागेसाठी अर्ज दिला आहे. उत्तर आलेले नाही. मशीनचा विषय निघाला नाही. मात्र त्यांच्याच वॉर्डातल्या आणखी तिघींना आमचा पत्ता हवा होता. रविवारी अकरा वाजता विहारात या, असे आम्ही कळवले आहे. येताना नोंदणीचे प्रमाणपत्र आणि पगाराच्या पावत्या घेऊन या.