राम की रमे

एकाच ग्रंथाच्या अनेक हस्तलिखित पोथ्या अक्षर-अक्षर ताडून पाहून, त्यांतून मूळ पाठाच्या शक्य तितकी जवळची संहिता सिद्ध करणे याला चिकित्सक आवृत्ती म्हणतात. हे काम विद्वानांचे म्हणून सर्वांना ठाऊक असते; परंतु त्यात विद्वत्तेच्याही आधी जे लागते ते अवधान, आणि ते किती लागते हे बडोद्यातील एका आकड्यावरून कळते. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या ग्रंथप्रेमातून 1916 मध्ये राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’ने गायकवाड प्राच्य ग्रंथमाला सुरू झाली, 1927 मध्ये प्राच्यविद्या मंदिर उभे राहिले, आणि पुढे सयाजीराव विद्यापीठात सामावलेल्या या संस्थेने 1951 मध्ये वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. बालकांड 1960 मध्ये निघाले, परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी संपादलेले अयोध्याकांड 1962 मध्ये, त्यांचेच युद्धकांड 1971 मध्ये, आणि उमाकांत शहा यांच्या संपादनाखाली उत्तरकांड 1975 मध्ये बाहेर पडून काम पुरे झाले. परंपरेने 24,000 श्लोकांचे मानलेल्या काव्याला 24 वर्षे लागली.

या 24 वर्षांत एखाद्या दिवशी नेमके काय होत असेल, हे आवृत्तीचे छापील खंड चाळून उमगत नाही. त्यासाठी पोथी वाचणाऱ्या माणसाशेजारी बसावे लागते. बडोद्यात जुन्या पोथ्या वाचून देणारे जे थोडे लोक आज उरले आहेत, त्यांपैकी एका वयस्क वाचकाचे काम पाहताना सर्वांत आधी जाणवतो तो वेखंडाचा वास. कसर लागू नये म्हणून बासनात ठेवलेल्या वेखंडाच्या पुरचुंडीचा हा उग्र, किंचित गोडसर वास लाल कापडाची गाठ सुटताच खोलीभर पसरतो आणि कापड पुन्हा बांधले तरी बोटांवर राहतो. वाचक पोथीचे पान दोन्ही हातांनी उचलून फळीवर ठेवतो, चालू ओळीखाली काळ्या पुठ्ठ्याची पट्टी सरकवतो, आणि मग ओठ न हलवता एकेक अक्षर पाहू लागतो. येथे ‘वाचू लागतो’ असे म्हणणे बरोबर होणार नाही.

पाठांची नोंद करण्याची शिस्त पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या कामात घडली. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी ती सविस्तर सांगितली आहे: उभ्याआडव्या रेघांच्या मोठ्या कागदावर प्रमाण धरलेल्या छापील प्रतीतला श्लोक एका घरात एक अक्षर याप्रमाणे वर लिहायचा, त्याखाली प्रत्येक पोथीला एक ओळ द्यायची, आणि जेथे पोथी वेगळे बोलते तेवढेच अक्षर त्या-त्या घरात भरायचे. उजवीकडे शेऱ्यांसाठी चार इंच रुंद जागा असते, आणि अधिकचे श्लोक फार झाले तर ते ‘शोधपत्र’ नावाच्या वेगळ्या कागदावर उतरवून जोडतात. श्लोक असा घराघरांत चिरला की त्याचा अर्थ डोळ्यांसमोरून निघून जातो, आणि तसे होणेच इथे इष्ट असते.

कारण पोथीत शब्द सुटे लिहिलेले नसतात, आणि पश्चिम भारतातील जुन्या पोथ्यांत ‘पृष्ठमात्रा’ आढळते. म्हणजे एकाराची मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देता अक्षराआधी उभ्या काठीने दाखवतात. अशा पोथीत र, मग काठी, मग म इतके दिसले, तर ती काठी मागच्या अक्षराचा काना समजून ‘राम’ वाचता येते, आणि पुढच्या अक्षराची मात्रा समजून ‘रमे’ही वाचता येते. रामायण वाचणाऱ्याचा डोळा राम पाहायला आधीच तयार असतो. वाचकाचे बोट या काठीपाशी थांबते, मागच्या पानावर त्याच लेखनिकाने काना कसा काढला आहे ते पाहून येते, आणि मगच कागदावर नोंद होते. एका काठीसाठी खर्ची पडलेली ही काही मिनिटे पाहिली म्हणजे 24 वर्षांचा हिशेब लागू लागतो.

आजकाल कामातील तन्मयतेविषयी जे लिहिले जाते त्यात मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांच्या ‘फ्लो’ या कल्पनेचा मोठा वाटा आहे: काम आणि कौशल्य तुल्यबळ असले की मनुष्य कामाच्या ओघात स्वतःला विसरतो, असे ती सांगते. याच बडोद्यात सुरत काँग्रेसनंतर, 1908 च्या आरंभी, विष्णु भास्कर लेले यांनी अरविंद घोष यांना मन निर्विचार करण्याची साधना दिली. दोन्ही वाटा थोर आहेत, परंतु पोथीपाशी बसलेल्या माणसाला त्यांपैकी एकही पुरत नाही. ओघात वाहून गेलेला डोळा राम वाचतो; निर्विचार मनाला काठीचा संशय येत नाही. पतंजलीने चित्ताला एका ठिकाणी बांधून ठेवणे याला ‘धारणा’ म्हटले आहे, आणि या कामाला तोच शब्द सर्वांत जवळचा वाटतो, कारण बांधलेली वस्तू सुटू पाहत असते हे त्यात गृहीत आहे.

ज्यांचे चित्त सुटले त्यांच्या खुणा तर पोथीतच सापडतात. दोन ओळी एकाच शब्दाने संपत असल्या की लेखनिकाची नजर पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर उडते आणि मधला श्लोक गळतो. शेकडो वर्षांपूर्वीच्या एखाद्या दुपारी कोणाची तरी मान अवघडली असेल, डोळे शिणले असतील, ते त्या गळलेल्या जागेत जसेच्या तसे टिकून राहते. पोथीच्या शेवटी पाठ, कंबर आणि मान मोडून लिहिल्याची तक्रार करून ग्रंथ जपण्याची विनवणी करणाऱ्या लेखनिकांना हसण्याची रीत आहे. ती योग्य नाही. याउलट शहाण्या लेखनिकाने केलेली चूक अधिक अवघड असते, कारण न कळलेला शब्द बदलून तो कळेलसा लिहितो. म्हणूनच दोन पाठांत जो कठीण तो बहुधा जुना, असा संपादकांचा दंडक आहे. बडोद्याच्या आवृत्तीत 19,000 पेक्षा कमी श्लोक मूळ संहितेत राहिले आणि उरलेले तळटीपांत व परिशिष्टांत गेले, ते अशा निर्णयांची रास रचून.

दुपार कलली की वाचक पट्टी काढून पान उलटे ठेवतो आणि डोळे मिटून थोडा वेळ बसतो. आज कथेतला कोणता प्रसंग झाला, असे त्याला विचारले असता तो चटकन उत्तर देत नाही. वेखंडाचा वास लागलेल्या बोटांनी पान पुन्हा सरळ करतो आणि वरपासून वाचू लागतो.