दयेला घटना देणारी राणी

वारणेच्या खोऱ्यात 'संस्था' हा शब्द पोराटोरांच्याही तोंडी असतो. कारखाना, दूध संघ, बाजार, भगिनी मंडळ, शाळा आणि महाविद्यालये यांच्या भोवती वारणानगर हे गावच उभे राहिले. तात्यासाहेब कोरे 1994 साली गेले, तरी त्यांनी मांडलेला पसारा चालू राहिला. माणूस जातो आणि नीट बांधलेली संस्था त्याच्यामागे काम करत राहते, हे इथे कुणाला पटवून द्यावे लागत नाही. तरीही गोष्ट उसाची किंवा दुधाची नसून दयेची असली की आपण हे सारे विसरतो. दानधर्म म्हटले की एखादे मोठे मन, एखादा पाझरणारा हात एवढेच डोळ्यांपुढे येते. पोर्तुगालची राणी लिओनोर हिच्याबद्दलही असेच होते. गोव्याच्या आणि वसईच्या इतिहासात तिचा उल्लेख आला, तर 'दानशूर राणी' एवढाच येतो. माझे म्हणणे असे की तिची दानशूरता ही तिच्या कामातली त्या मानाने लहान गोष्ट आहे. मठाची दीक्षा न घेतलेली ही प्रापंचिक कॅथलिक स्त्री मुळात संस्थाकार होती, आणि तिच्या संस्थेचे गुण-दोष तपासताना वारणेच्या माणसाला ओळखीचे बरेच काही सापडेल.

लिओनोर 1458 साली बेजा येथे राजघराण्यात जन्मली. चुलतघराण्यातल्या जुआंवशी तिचे लहानपणीच लग्न झाले आणि 1481 मध्ये तो गादीवर येताच ती राणी झाली. तीनच वर्षांत, 1484 मध्ये, कटाच्या आरोपावरून जुआंवने तिच्या सख्ख्या भावाला, व्हिझेऊच्या ड्यूकला, स्वतःच्या हाताने भोसकून मारले. 1491 च्या जुलैत त्यांचा एकुलता मुलगा आफोन्सो तागुस नदीकाठी घोड्यावरून पडून गेला. तेव्हा तो अवघा सोळा वर्षांचा होता. त्या काठच्या कोळ्यांनी त्याला आपल्या जाळ्यात घालून झोपडीत नेले असे सांगतात, आणि राणीने पुढे कोळ्याचे जाळे हीच आपली मुद्रा केली. 1495 मध्ये नवराही गेला आणि तिचा धाकटा भाऊ मनुएल राजा झाला. मराठी वाचकाला इथे अहिल्याबाई आठवल्याशिवाय राहत नाहीत. 1754 मध्ये नवरा, 1766 मध्ये सासरे आणि 1767 मध्ये मुलगा, आणि त्यानंतर खासगीतून बांधलेले घाट, विहिरी, धर्मशाळा. दुःखातून दान जन्मते असा निष्कर्ष दोघींच्याही बाबतीत पटकन काढला जातो. लिओनोरबाबत तरी तारखा त्याच्या आड येतात. काल्दास येथील उष्ण पाण्याच्या झऱ्यावर गरिबांसाठी इस्पितळ बांधायला तिने 1485 मध्ये घेतले, म्हणजे मुलगा जिवंत असताना आणि ती ऐन सत्तेत असताना. गंधकाचा वास मारणाऱ्या त्या डबक्यात गोरगरीब अंग शेकताना तिला दिसले आणि तिने रथ थांबवला, अशी आख्यायिका आहे. इस्पितळाभोवती वसलेल्या गावाला आजही 'काल्दास द राइन्या', म्हणजे राणीचे गरम झरे, म्हणतात. मुलाच्या आणि नवऱ्याच्या दुःखाने तिचे काम सुरू झाले नाही. फार तर त्याला वळण दिले.

हे वळण 15 ऑगस्ट 1498 रोजी दिसले. मनुएल कास्तीलला गेला होता आणि राज्याचा कारभार लिओनोर पाहत होती. लिस्बनच्या मुख्य चर्चच्या ओवऱ्यांतल्या एका लहान देवळात तिने एक बंधुसंघ स्थापन केला, 'मिझेरिकॉर्दिया', म्हणजे दया. त्याच वर्षी मे महिन्यात वास्को द गामा कालिकतला पोचला होता, पण ती बातमी अजून लिस्बनला यायची होती. या संघात तिने केवळ पैसा ओतला असता तर त्याची नोंद आज कुणी ठेवली नसती, कारण राजेराण्यांच्या देणग्यांना त्या काळी तोटा नव्हता. तिने दिली ती घटना. चांगल्या चालीची शंभर माणसे, त्यांत निम्मे खानदानी आणि निम्मे कारागीर. वर तेरा जणांचे मंडळ, त्याचा प्रमुख 'प्रोवेदोर', आणि दरवर्षी निवडणूक. कारभार धर्मगुरूंच्या हाती नव्हता, तो संसारी माणसांच्या हाती होता. कामाची यादीही ठरलेली होती, चर्चने पूर्वीपासून शिकवलेली चौदा दयाकृत्ये. भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, कैद्याची सोडवणूक, वाटसरूला आसरा, प्रेताला माती ही सात शरीराची. शिकवणे, सल्ला देणे, धीर देणे, क्षमा करणे अशी सात आत्म्याची. गाडगेबाबांच्या दशसूत्रीशी ही यादी ताडून पाहावी. अन्न, पाणी, वस्त्र, आसरा, औषध, इतकेच काय, खचलेल्याला हिंमत देणेही दोन्हीकडे सापडते. बाबांना लिस्बन ठाऊक असण्याचे कारण नाही. गरिबाची गरज सगळीकडे सारखीच असते, म्हणून याद्या जुळतात. आणि बाबांनीही धर्मशाळा स्वतःच्या नावावर ठेवल्या नाहीत, विश्वस्तांकडे सोपवल्या, हे साम्य मला यादीपेक्षाही मोलाचे वाटते.

या घटनेने काय साधले हे एका कामावरून कळेल. फाशी दिलेल्यांची प्रेते तेव्हा वधस्तंभावरच कुजत ठेवत. वर्षातून एकदा, सर्व संतांच्या सणाला, ती हाडे उतरवून मिरवणुकीने नेऊन पुरायची परवानगी या संघाने राजाकडून मिळवली. एखाद्या दयाळू माणसाने हे एकदा केले असते. दर वर्षी, शिसारी आली तरी, आपली पाळी आहे म्हणून सरदाराने आणि चांभाराने एकत्र जाऊन ते करणे यासाठी नियम लागतो. दयेला मन लागते यात वाद नाही, पण मनाला मोसम असतात आणि भुकेला ते नसतात. लिओनोरला हे उमगले होते, असे तिची इतर कामेही सांगतात. नवे छापखाने निघाले तशी तिने पुस्तके छापवून घेतली. क्रिस्तीन द पिझान या लेखिकेचा स्त्रियांना उद्देशून लिहिलेला ग्रंथ पोर्तुगीज भाषेत 1518 मध्ये तिच्याच आश्रयाने निघाला. जिल व्हिसेंत या नाटककाराने भिकाऱ्याला आपला अर्धा झगा देणाऱ्या संत मार्टिनवरचा छोटा प्रवेश 1504 मध्ये काल्दासला तिच्यासमोर केला. 1525 मध्ये ती वारली तेव्हा अशा मिझेरिकॉर्दिया साठच्या आसपास झाल्या होत्या.

त्यांतली एक गोव्यात होती. 1510 मध्ये पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने गोवा घेतला आणि साधारण दहा वर्षांत तिथे मिझेरिकॉर्दिया उभी राहिली. पुढे चौल, वसई, दमण, कोचीन, मकाव इथेही झाल्या. नागासाकीत 1583 मध्ये ती चालवणारे तर जपानी प्रापंचिक ख्रिस्तीच होते. गोव्याच्या संघाने इस्पितळ चालवले, कैद्यांना जेवण पुरवले, अनाथ मुलींना हुंडा दिला. मला मात्र त्याचे सगळ्यात बोलके काम हिशेबाचे वाटते. पूर्वेकडे कुठेही पोर्तुगीज शिपाई किंवा व्यापारी मेला की त्याची मालमत्ता विकून, मृत्युपत्र वाचून, पैसा लिस्बनच्या संघामार्फत वारसापर्यंत पोचवायचे काम मिझेरिकॉर्दियाकडे असे. पत्राला वर्ष लागणाऱ्या काळात मलाक्क्यात मेलेल्याच्या पैशाची वाट पोर्तुगालमधली विधवा पाहू शकत होती, ती या वह्यांच्या भरवशावर. हीच पत जोखमीचीही ठरली. तिजोरीत खडखडाट झाला की गोव्याचे व्हाइसरॉय याच संघाकडून कर्ज उचलत आणि परतफेड रेंगाळे. सहकारी संस्थेच्या ठेवींकडे डोळा लावणारा सत्ताधारी ही आपल्याकडची नवलाई नाही.

आता आक्षेप. पहिला असा की ही दया साम्राज्याच्या पैशावर पोसलेली होती. हे खरे आहे आणि ते मवाळ करून सांगण्यात अर्थ नाही. राजा मनुएल मठांना आणि इस्पितळांना मदेइरा बेटावरची साखर धर्मादाय म्हणून देई, आणि त्या साखरेत गुलामांचा घाम होता. गोव्यात 1560 पासून धर्मन्यायालय बसले होते. ज्या राज्यात माणसांना तुरुंगात डांबले जात होते त्याच राज्यात संघ कैद्यांना जेवू घालत होता. दुसरा आक्षेप सभासदत्वाचा. गोव्यातला संघ मुख्यतः पोर्तुगीजांचा आणि त्यांच्या वंशजांचा राहिला. गोमंतकीय माणूस बराच काळ घेणारा होता, ठरवणारा नव्हता. स्त्रियांचेही तसेच. स्त्रीने स्थापलेल्या संघाचा कारभार पुरुषांनी केला आणि अनाथ मुलींना 'रेकोल्यिमेंतो' नावाच्या आश्रमात लग्न ठरेपर्यंत भिंतीआड ठेवले. राजाकडून लिस्बनहून गोव्याला पाठवल्या जाणाऱ्या अनाथ मुलींना तर हुंड्यात सरकारी हुद्दा मिळे, तो त्यांच्या होणाऱ्या नवऱ्यासाठी. हे दोष लिओनोरच्या पश्चात वाढले असे म्हणून तिला सोडवता येईल, पण ते पुरते प्रामाणिक होणार नाही. मंडळात कोण बसणार हे ठरवताना ज्याच्यासाठी मंडळ आहे त्याला जागा ठेवायची कल्पना तिच्या घटनेतच नव्हती. तिने सरदाराशेजारी कारागिराला बसवले, हे 1498 साली धाडसाचेच होते. भिकाऱ्याला मात्र दारातच ठेवले.

वारणेने उत्तर दिले ते नेमके याच ठिकाणी. सहकारात लाभार्थी हाच सभासद असतो. एक एकर ऊस असो की वीस एकर, मत एकच. इथे कुणी कुणाला देत नाही, सगळे मिळून कमावतात आणि वाटून घेतात. म्हणून दानापेक्षा सहकार श्रेष्ठ, असे आपल्या भागात सहज म्हटले जाते, आणि मान ताठ ठेवून जगण्याच्या दृष्टीने ते मला मान्यही आहे. पण सभासद व्हायला भाग लागतो, भागाला ऊस लागतो आणि उसाला जमीन लागते. ज्याच्याकडे यातले काहीच नाही, त्याच्यापुरती सहकाराची घटनाही कोरी राहते. लिओनोरच्या यादीत उलट आहे. तिथे पात्रता एकच, गरज. भुकेल्याचा सात-बारा कुणी विचारत नाही. गोव्यात पोर्तुगीज सत्ता 1961 मध्ये गेली, तरी पणजीची सरकारी साहाय्य संस्था आजही 'प्रोवेदोरिया' या नावानेच ओळखली जाते आणि निराधार म्हाताऱ्यांचे आश्रम चालवते. लिओनोरच्या तेरा जणांच्या प्रमुखाचे पद असे गोव्याच्या बोलीत राहून गेले, आणि आश्रमात येणाऱ्याची जात-धर्म पाहण्याची जुनी कुंपणे राज्यघटनेने काढून टाकली. पाचशे वर्षांत लिओनोरची घटना दुरुस्त होऊ शकली, कारण ती लिहिलेली होती.

दिवाळी आटोपली की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या कोल्हापूर-सांगलीच्या फडांवर उतरतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' असतात. उचल घेतलेली असते ती हंगामभर फेडायची. पहाटेच्या थंडीत मोळ्या बांधणाऱ्या बाईची मुले पाचटाच्या खोपीत झोपलेली असतात, शाळा गावी राहिलेली असते. ज्या साखरेवर या भागातल्या संस्था उभ्या राहिल्या, त्या साखरेच्या उसाची पहिली मोळी या बाईच्या डोक्यावरून जाते, आणि वार्षिक सभेच्या सभासद यादीत तिचे नाव नसते. वाटसरूला आसरा, आजाऱ्याची विचारपूस, अडकलेल्याची सोडवणूक. चौदातली निदान तीन कामे तिच्या खोपीसमोर उभी आहेत, आणि ती पाळीने, वहीत नोंदवून, दर हंगामाला करायची आहेत.