फक्त अनोळखी काकांची भीती घालून भागत नाही

शाळेत ‘गुड टच, बॅड टच’चा तास झाला की मुले घरी येऊन एवढेच सांगतात, अनोळखी माणसाकडून चॉकलेट घ्यायचे नाही. पण पोक्सोखाली नोंदलेल्या गुन्ह्यांत आरोपी बहुतेक वेळा ओळखीचाच निघतो. नातेवाईक, शेजारी, शिकवणीवाला, रिक्षावाला. बदलापुरात ऑगस्ट २०२४ मध्ये उघडकीस आलेल्या प्रकरणात मुली बालवाडीच्या वयाच्या होत्या आणि आरोपी त्यांच्या शाळेतच कामाला होता.

म्हणून आम्ही वस्तीतल्या शाळांत ‘वाईट वाटेल तो स्पर्श’ असे शिकवत नाही. गुदगुल्या करत, लाड करत सुरुवात होते, तेव्हा मुलाला वाईट वाटतेच असे नाही. आम्ही साधा नियम सांगतो: चड्डीच्या आतल्या जागेला कोणी हात लावायचा नाही, बघायचे नाही, स्वतःचे दाखवायचे नाही, मोबाइलवर तसले काही दाखवायचे नाही. नर्सबाई किंवा डॉक्टर तपासतील, तेही आई समोर असताना. आणि “कुणाला सांगू नको” असे कोणी म्हटले, की ते आधी घरी सांगायचे.

अवयवांची नावे घेताना आया पदर तोंडाला लावतात. पण ज्या जागेचे नावच मुलाला माहीत नाही, तिथे काय झाले हे ते सांगणार कसे?

मुलग्यांनाही वर्गात बसवा. केंद्र सरकारच्या २००७ च्या पाहणीत १३ राज्यांतल्या १२ हजारांवर मुलांशी बोलणे झाले. निम्म्याहून जास्त मुलांनी लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले, त्यात मुलगे मुलींपेक्षा किंचित अधिकच होते. तरी आपण म्हणतो, पोरगा आहे, त्याला काय होतंय!

घरातही बघा. पाहुणे आले की “मामाला पापा दे” म्हणून रडणाऱ्या मुलाला पुढे ढकलायचे, आणि शाळेने मात्र त्याला ‘नाही’ म्हणायला शिकवायचे, हे कसे जमेल? रात्री सार्वजनिक संडासला मुलाबरोबर मोठे माणूस गेलेच पाहिजे. मुलाने ओरडावे, पळावे हे ठीक, पण राखण करायचे काम मोठ्यांचे आहे.

मूल काही बोलले तर “तू तिथे गेलीसच कशाला” हे शब्द तोंडातून काढू नका. खोदून खोदून विचारू नका. आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. ते कागदी पिशवीत ठेवा आणि सरकारी दवाखाना गाठा. एफआयआर नसला तरी उपचार नाकारता येत नाहीत. एचआयव्ही टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितके बरे. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करतील. जबाब घरीही घेता येतो आणि पोलिसांनी त्या वेळी गणवेशात असू नये. फोन १०९८ किंवा ११२.

वस्तीतले चार लोक “इज्जतीचा प्रश्न आहे, आपसात मिटवू” म्हणतील. मिटवायचा अधिकार त्यांना नाही. गुन्हा ठाऊक असून कळवला नाही तर पोक्सोत शिक्षा आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल तर ॲट्रॉसिटीचे कलम लावायला सांगा आणि जातीचा दाखला बरोबर न्या. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्धांनाही हे संरक्षण आहे.

पुढच्या पालकसभेत मुख्याध्यापकांना विचारा: आपल्या शाळेत सखी सावित्री समिती आहे का, तिच्यात कोण कोण आहे आणि तक्रारपेटीची किल्ली कोणाकडे असते?